संत पॉलचे कॉलेज आणि सार्वजनिक शाळेची कल्पना

शाळेच्या इमारतीचा इतिहास हा विषय आपल्याकडे फारसा गांभीर्याने घेतला जात नाही. संस्थापकाचे चरित्र लिहिले जाते, महोत्सवी अंकात मुख्याध्यापकांची नामावळी छापली जाते. इमारतीच्या वाट्याला कोनशिलेवरची तारीख आणि देणगीदाराचे नाव यांपलीकडे काही येत नाही. त्यातही एखाद्या धर्मसंस्थेने उभारलेली शाळा पुढे सार्वजनिक झाली असेल, तर तिचा इतिहास सांगण्याच्या दोनच तऱ्हा रूढ आहेत. एका तऱ्हेत तो ऱ्हासाचा इतिहास असतो: व्रतस्थ गुरुजन गेले आणि पगारी मास्तर आले. दुसरीत तो मुक्तीचा असतो: पंथाचे जोखड गेले आणि लोकांची शाळा आली. या दोन्ही तऱ्हांमागे एक समान गृहीत आहे. इमारत आधी 'खाजगी' होती आणि अमुक तारखेपासून 'सार्वजनिक' झाली, असे दोन्ही पक्ष धरून चालतात. हे गृहीत कितपत टिकते, हे जुन्या गोव्यातील संत पॉलच्या कॉलेजाच्या आधारे तपासावे, असा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. वाशीम-कारंजा भागातील विद्यार्थ्याला हा विषय दूरचा वाटेल. परंतु येथे उपस्थित होणारा प्रश्न वऱ्हाडालाही चुकलेला नाही, हे पुढे दिसून येईल.

संत पॉलच्या कॉलेजाचा उल्लेख आपल्या अभ्यासकांच्या लेखनात वारंवार येतो, पण तो बहुधा दुसऱ्या एखाद्या विषयाच्या ओघात येतो. फोन्सेका यांनी १८७८ साली गोवा शहराचे जे ऐतिहासिक व पुरातत्त्वीय वर्णन प्रसिद्ध केले, त्यात ही वास्तू शहराच्या अनेक भग्नावशेषांपैकी एक आहे. अ. का. प्रियोळकर यांच्या भारतीय मुद्रणावरील १९५८ च्या ग्रंथात ती मुख्यतः पहिल्या छापखान्याचे घर म्हणून येते. अँथनी डिकॉस्टा यांच्या १९६५ च्या ग्रंथाचा विषय गोव्याच्या बेटांचे ख्रिस्तीकरण हा असल्याने तेथे ती धर्मप्रसाराचे एक साधन ठरते. तिन्ही ग्रंथांचे मोल वादातीत आहे. परंतु शाळा म्हणून या वास्तूचा हिशेब पाहायचा, म्हणजे खर्च कोणी भरला आणि वर्गात कोण बसले हे विचारायचे, तर त्यांतील साहित्य निराळ्या क्रमाने मांडावे लागते.

प्रारंभ इमारतीपासून नव्हे, महसुलापासून करावयास हवा. तिसवाडीतील देवळे १५४० च्या सुमारास पाडली गेली. देवळे गेली तरी देवळांच्या जमिनी होत्याच. देवाच्या पूजेअर्चेसाठी आणि सेवेकऱ्यांच्या योगक्षेमासाठी गावांनी लावून दिलेल्या या जमिनींना गोव्यात 'नमशी' म्हणतात. ३० जून १५४१ रोजी पोर्तुगीज महसूल अधिकाऱ्याने बेटावरच्या गावकारांना बोलावून या जमिनींच्या उत्पन्नाचा प्रश्न पुढे ठेवला, आणि दरसाल दोन हजार पांढऱ्या तांगांचे उत्पन्न नव्या धर्मकार्यासाठी लावून देण्यास गावकारांनी 'संमती' दिली. त्याच वर्षी मिगेल वाझ आणि दियोगु द बोर्बा या दोन धर्मगुरूंच्या पुढाकाराने 'पवित्र श्रद्धे'चे मंडळ स्थापन झाले, नोव्हेंबरात कॉलेजाच्या बांधकामास आरंभ झाला आणि २५ जानेवारी १५४३ रोजी, संत पॉलच्या मतपरिवर्तनाच्या सणाच्या दिवशी, त्यातील चर्चचा विधी झाला. कॉलेजाचे नाव त्या सणावरून पडले.

या संमतीविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. कागद पाहिला तर त्यावर बळजबरीचा शब्द नाही. म्हणून एका पक्षाचे अभ्यासक तो सामोपचाराचा पुरावा मानतात. दुसरा पक्ष तो कागद केवळ ढोंग म्हणून बाजूला सारतो. आम्हांस दोन्ही निर्णय घाईचे वाटतात. ज्या देवळासाठी जमीन लावून दिली ते देऊळच उरलेले नसताना जमिनीच्या उत्पन्नावर हक्क सांगावयाचा तरी कोणी, हा गावकारांपुढचा प्रश्न होता. त्यांनी जे दिले त्याचे प्रयोजन आधीच हिरावून घेतले गेले होते. तेव्हा ही संमती खोटी होती असे म्हणण्यापेक्षा, ती देण्याची वेळ येईपर्यंत दुसरा पर्याय शिल्लक ठेवलेला नव्हता, असे म्हणणे अधिक काटेकोर ठरेल. आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचे एवढेच, की हे कॉलेज धर्मगुरूंच्या पदरच्या पैशावर उभे राहिले नाही. गावांच्या सामाईक जमिनीचे उत्पन्न राजसत्तेने लावून दिले आणि त्यावर ते चालले. आजच्या भाषेत बोलावयाचे तर ही शाळा पहिल्या दिवसापासून सार्वजनिक पैशावर चालणारी होती.

मग ती कोणासाठी होती? स्थापनेच्या नियमांनुसार एतद्देशीय मुलांसाठी. गोव्याच्या परिसरातील, मलबारातील, मलाक्का आणि हबसाणापर्यंतच्या मुलांना तेथे आणून शिकवावे, त्यांनी आपापल्या मुलखात परत जावे आणि आपापल्या भाषेत उपदेश करावा, अशी कल्पना होती. १५४२ च्या मे महिन्यात गोव्यास पोहोचलेल्या फ्रान्सिस झेवियरने त्याच वर्षी सप्टेंबरात युरोपास लिहिलेल्या पत्रात या बांधकामाचे वर्णन केले आहे. येथील चर्च पॅरिसच्या सोर्बोन कॉलेजातील चर्चच्या जवळजवळ दुप्पट होईल, असे तो कौतुकाने सांगतो. सोर्बोनच्या सावलीत शिकलेल्या माणसाने केलेली ही तुलना आहे. इमारतीविषयीची महत्त्वाकांक्षा तीतून पुरेशी प्रकट होते.

त्यानंतर जे घडले ते या वास्तूच्या इतिहासातील सर्वांत बोलके प्रकरण आहे. पण संतचरित्रांच्या आड ते झाकले गेले. कॉलेजाची व्यवस्था हळूहळू जेझुइटांच्या हाती आली, आणि १५४८ साली गोव्यास आलेल्या अंतोनियु गोमिश या रेक्टराने एतद्देशीय मुलांना कॉलेजातून काढून त्यांच्या जागी पोर्तुगीज मुले घेण्याचे धोरण अवलंबिले. युरोपातील कॉलेजांच्या धर्तीवर विद्यापीठीय शिस्तीची संस्था उभी करावी, असा त्याचा मानस होता. ज्या गावांच्या उत्पन्नावर कॉलेज चालत होते त्याच गावांच्या मुलांना दार बंद झाले. झेवियर जपानहून १५५२ साली परतला, तेव्हा त्याने गोमिशला पदावरून दूर करून दीवला धाडले आणि मुलांना पुन्हा घेतले. चरित्रकार या घटनेत झेवियरचा न्यायीपणा पाहतात, तो होताच. परंतु शिक्षणाच्या इतिहासकाराने तेथे थांबून चालणार नाही. इमारत तीच, पैसा तोच, मालकही तोच असताना केवळ एका रेक्टराच्या मतामुळे शाळेचा लोकांशी असलेला संबंध तुटू शकला, आणि तो पुन्हा जोडला गेला तोही वरून आलेल्या हुकमामुळे. ज्या गावांचा पैसा होता त्या गावांना या दोन्ही निर्णयांत कोणीही विचारले नाही. शाळेच्या सार्वजनिकपणाचा कस कोठे लागतो, हे या चार वर्षांत जितके स्पष्ट दिसते तितके पुढच्या दोनशे वर्षांत दिसत नाही.

१५५६ च्या सप्टेंबरात हबसाणाकडे जाण्यासाठी निघालेला छापखाना गोव्यात उतरला आणि या कॉलेजात स्थिरावला, ही कथा मराठीच्या विद्यार्थ्यास परिचित आहे. पुढच्याच वर्षी झेवियरची प्रश्नोत्तरी छापली गेली. मराठी वाङ्मयाचा धागा मात्र येथून सासष्टीत, राशोलच्या कॉलेजाकडे जातो. तेथे थॉमस स्टीफन्सचे सुमारे अकरा हजार ओव्यांचे 'क्रिस्तपुराण' १६१६ साली छापले गेले, त्याच्या मृत्यूनंतर कोकणीचे व्याकरण १६४० साली निघाले. या अवधीत धर्मसंस्थेची शाळा लोकभाषेच्या बाजूने होती, हे विसरता येत नाही. त्यामागचा हेतू धर्मप्रसाराचा होता म्हणून व्याकरणाचे मोल कमी होत नाही. याउलट २७ जून १६८४ रोजी पोर्तुगीज व्हाइसरॉयने, म्हणजे राजसत्तेने, हुकूम काढला की लोकांनी तीन वर्षांच्या आत आपली भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी, आणि पाद्री व शिक्षकांनी त्याच भाषेत शिकवावे. धर्मसंस्था म्हणजे लोकांवर लादलेले आणि शासन म्हणजे लोकांचे, ही जी आपली आजची सोयीची विभागणी आहे ती येथे उलटी पडते.

खुद्द संत पॉलच्या इमारतीचा अंत लवकर ओढवला. परिसर रोगट, साथींचा; सतराव्या शतकाच्या प्रारंभी कॉलेज जवळच्या टेकडीवरील संत रॉकच्या वास्तूत गेले आणि लोक त्याला 'नवे संत पॉल' म्हणू लागले. १७५९ साली पोंबालने जेझुइटांना पोर्तुगीज राज्यातून हद्दपार केले आणि त्यांची मालमत्ता राजाकडे गेली. येथे आपल्याला अपेक्षित असलेली तारीख मिळते: कॅथलिक शाळेची इमारत शासनाच्या ताब्यात आली. पण ती शासनाची शाळा झाली नाही. राशोलची वास्तू बिशपाच्या सेमिनरीकडे गेली, जुन्या संत पॉलला तर कोणी वाली राहिला नाही. १७७२ साली पोर्तुगालने शिक्षणासाठी स्वतंत्र कर बसविला. आशियाई वसाहतींत तो दारूवर होता. मद्याच्या उत्पन्नावर पाठशाळा चालवाव्यात की काय, या प्रश्नाने १९३७ साली आपल्याकडेही मंत्रिमंडळांना आणि गांधीजींना पेचात टाकले होते, हे येथे आठवल्यावाचून राहत नाही.

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात संत पॉलची पडकी वास्तू सरकारी आज्ञेने उतरविण्यात आली. राजधानी पणजीस सरकली होती आणि जुन्या शहराचा दगड नव्या शहराच्या बांधकामास उपयोगी पडत होता. आज जांभ्या दगडाच्या भिंतीत बसविलेली दर्शनी कमान तेवढी उभी आहे. जेझुइटांखेरीजचे धर्मसंघ १८३५ साली बंद झाले आणि त्यांच्या मठांतील ग्रंथ १८३२ मध्ये स्थापन झालेल्या पणजीच्या सार्वजनिक ग्रंथालयात आले. हे ग्रंथालय प्रथम लष्करी अकादमीत होते. पणजीचे सरकारी लिसेव १८५४ साली निघाले. म्हणजे गोव्यात मठाची शाळा सरकारी झाली ती तिच्या खोल्यांच्या रूपाने नव्हे. दगड एकीकडे गेला, ग्रंथ दुसरीकडे गेले आणि शिकविण्याचे काम तिसऱ्याच संस्थेने घेतले. त्या ग्रंथालयाला आज कृष्णदास शामाचे नाव आहे. १५२६ साली 'श्रीकृष्णचरित्रकथा' लिहिणाऱ्या या कवीच्या काळी संत पॉलचा पायाही घातला गेला नव्हता.

इमारत जशीच्या तशी ठेवून शाळेचा मालक बदलल्याची शुद्ध उदाहरणे हवी असतील तर अमेरिकेकडे वळावे लागते, कारण तेथील कायद्याने धर्मशाळेला सरकारी पैसा देण्याची वाट बहुतांशी बंद केली होती. न्यूयॉर्क राज्यातील पकिप्सी या गावी १८७३ साली संत पीटरच्या पॅरिशने आपल्या दोन शाळांच्या इमारती नगराच्या शिक्षणमंडळाला दरसाल एक डॉलर भाड्याने दिल्या. शिक्षकांचे वेतन मंडळाने द्यावयाचे, धर्मपाठ शाळेच्या वेळेबाहेर व्हावयाचा. शिकविणाऱ्या जोगिणी त्याच राहिल्या. ही व्यवस्था पंचवीस वर्षे बिनबोभाट चालली आणि १८९८ साली जोगिणींच्या पोशाखावरून मोडली. राज्याच्या शिक्षणाधिकाऱ्याचा निर्णय असा झाला की सार्वजनिक शाळेत धर्मवेष चालणार नाही. मिनेसोटातील फेरिबो गावी आर्चबिशप जॉन आयर्लंडच्या पाठिंब्याने १८९१ मध्ये तसाच प्रयोग झाला. तो दोनच वर्षे टिकला, पण त्याने अमेरिकेतील कॅथलिक समाजात फूट पाडली. रोमने १८९२ मध्ये 'हे सहन करता येईल' एवढाच जपून निर्णय दिला. पैसा सरकारी, अभ्यासक्रम सरकारी, मुले गावची. तरीही भांडण झाले ते कपड्यावर! अलीकडे २००८ साली वॉशिंग्टन शहरात सात कॅथलिक शाळा धर्मचिन्हे उतरवून सरकारी अनुदानाच्या चार्टर शाळा झाल्या. तेथे प्रेरणा तत्त्वाची कमी आणि खर्चाची अधिक होती.

ब्रिटिश हिंदुस्थानात असा व्यवहार करण्याची गरज फारशी पडली नाही. १८५४ च्या खलित्याने अनुदानाची पद्धत आणली आणि मिशनच्या शाळेला मिशनची राहूनच सरकारी पैसा मिळू लागला. मालकी आणि खर्च यांची फारकत कायद्यानेच मान्य केली. हीच पद्धत १९६१ नंतरच्या गोव्यास लागू झाली आणि तेथे या प्रश्नाने नवे रूप घेतले. बांदोडकरांच्या सरकारने खेडोपाडी मराठी प्राथमिक शाळा काढल्या. चर्चच्या शाळा बहुतेक इंग्रजी माध्यमाच्या राहिल्या. १९९० साली सरकारने ठरविले की अनुदान मातृभाषेतून शिकविणाऱ्या प्राथमिक शाळांनाच मिळेल. तेव्हा गोव्याच्या आर्चबिशपाच्या अधिकारातील शंभराहून अधिक शाळांनी कोकणी माध्यम स्वीकारले, आणि तेही देवनागरीत. ज्या समाजाची कोकणी लिहिण्याची परंपरा रोमन लिपीची, त्याच्या मुलांनी चर्चच्या आवारात देवनागरी गिरवली. इमारत, मालक, शिक्षक यांपैकी काहीच बदलले नाही. तरी १६८४ च्या हुकमाची दिशा त्या वर्षी पालटली. संत पॉलच्या काळापासूनचा या प्रदेशातील शालेय इतिहास लिहिताना या घटनेला मध्यवर्ती स्थान द्यावे, असे आमचे मत आहे.

पण येथेही सरळ विजयाची कथा सांगण्याचा मोह आवरला पाहिजे. अनेक पालकांना आपल्या मुलांसाठी इंग्रजी हवे होते. त्यांचा दबाव वाढत गेला आणि २०११ साली इंग्रजी प्राथमिक शाळांनाही अनुदान देण्याचा निर्णय झाला. त्यावरून मोठा भाषिक वाद उसळला. मातृभाषेचा आग्रह धरणाऱ्या पक्षाची शैक्षणिक बाजू आम्हांस अधिक सबळ वाटते. तथापि लोकांच्या पैशाने चालणाऱ्या शाळेत लोकांच्या इच्छेला किती स्थान द्यावे, हा प्रश्न त्या पक्षाने पुरेशा गंभीरपणे घेतला असे म्हणवत नाही. गोमिशने मुलांना न विचारता दार बंद केले होते आणि झेवियरने न विचारता उघडले; 'तुमच्या हिताचे आम्ही जाणतो' ही भूमिका चांगल्या निर्णयामागेही असू शकते.

आता वऱ्हाडाकडे. कारंज्याच्या जैन मंदिरांतील ग्रंथभांडारे धर्मसंस्थेची होती आणि धर्मसंस्थेचीच राहिली. रायबहादूर हिरालाल यांनी १९२६ साली मध्यप्रांत व वऱ्हाडातील संस्कृत-प्राकृत हस्तलिखितांची सूची प्रसिद्ध केली, आणि १९३१ पासून कारंज्याहून पुष्पदंताचे 'जसहरचरिउ', पाठोपाठ 'णायकुमारचरिउ' असे अपभ्रंश ग्रंथ छापून निघाले. पां. ल. वैद्य आणि अमरावतीच्या किंग एडवर्ड कॉलेजातील हिरालाल जैन यांनी त्यांचे संपादन केले. गोव्यात मठ मोडून ग्रंथ सार्वजनिक झाले. कारंज्यास भांडाराचे दार तसेच राहून ते झाले. जप्तीवाचूनही धर्मस्थळातील विद्या विद्यापीठात येऊ शकते, याचे याहून जवळचे उदाहरण आपल्या जिल्ह्यात शोधण्याची गरज नाही.

दुसरे उदाहरण इतके प्रसन्न नाही. १९३८ च्या सुमारास मध्यप्रांत-वऱ्हाडाच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने रविशंकर शुक्ल यांची विद्यामंदिर योजना हाती घेतली. तेव्हा वाशीम अकोला जिल्ह्यात होते. गावातील दात्याने जमीन द्यावी, तिच्या उत्पन्नावर गावची शाळा चालावी, अशी ती योजना होती. तिसवाडीच्या १५४१ च्या व्यवहाराशी तिचे साम्य चटकन नजरेत भरते: दोन्हीकडे शेतीचे उत्पन्न, दोन्हीकडे सत्तेचा पुढाकार. एकीकडे देवळाची जमीन काढून धर्मकॉलेजाला दिली. दुसरीकडे स्वखुशीची जमीन घेऊन सरकारी शाळेलाच 'मंदिर' म्हटले. त्या नावाला मुस्लिम समाजातून तीव्र विरोध झाला, नागपुरास सत्याग्रहही झाला. समर्थकांनी 'मंदिर म्हणजे केवळ घर' असा व्युत्पत्तीचा आधार घेतला, पण व्युत्पत्तीने गावातील माणसाचे समाधान होत नाही. १९३९ च्या नोव्हेंबरात मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि योजनेचा जोर ओसरला. तिचा इतिहास आजवर प्रायः नावावरील वादाचा म्हणूनच लिहिला गेला आहे. जमिनीच्या अंगाने तो लिहावयाचा तर भाषणे आणि ठराव यांपेक्षा गावोगावच्या जुन्या फेरफार-नोंदी पाहाव्या लागतील. दिलेली शेते पुढे शाळेच्या नावे राहिली, दात्याच्या वारसांकडे गेली की सरकारजमा झाली, हे त्या नोंदींवरून गावागणिक काढता येण्यासारखे आहे. पदव्युत्तर वर्गातील एखाद्या विद्यार्थ्याने वाशीम, रिसोड, मंगरूळ आणि कारंजा या तालुक्यांपुरते हे काम हाती घेतले तर दोन वर्षांत ते पुरे होण्याजोगे आहे.